पिवळ्या वाटेवरचे बाण

नदीकाठच्या बागेत आणि तिच्या मागच्या झाडीत फिरायच्या तीन वाटा आहेत. लाल वाट काठाकाठाने जाते, निळी टेकाडाला वळसा घालते आणि पिवळी थेट झाडीत घुसते. त्यांवरचे सगळे बाण एकाच माणसाने काढलेले आहेत. कागदोपत्री ते माळी होते, पण वाफ्यात वाकलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात पत्र्याचा साचा, कानावर ब्रश. सगळे त्यांना बाणवाले म्हणत. फोन उचलला की तेही "बाणवाले बोलतोय" असंच म्हणत.

बाणवाले म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, आणि हे कौतुकाने म्हटलेलं नाही. सकाळी वरच्या फाटकाशी रोपवाटिकेच्या शेडमध्ये डबा भरायचा आणि रंगवत रंगवत खालच्या फाटकातून बाहेर पडायचं. खालच्या फाटकासमोरच घर. आल्या वाटेने परत जायची वेळ त्यांच्यावर उभ्या नोकरीत आली नाही. त्यामुळे बाण सगळे झाडाच्या एकाच अंगाला, जाणाऱ्याला दिसतील असे. उलट येणाऱ्याला दिसतं ते नुसतं झाड.

तक्रारी यायच्या. साहेबांनी एकदा बोलावून घेतलं.

"अहो, लोक परतताना चुकतात."

"परततात कशाला? पुढे फाटक आहे की."

"एखादा दमतो. एखाद्याचं पोर रडायला लागतं."

"मग निघावंच कशाला माणसाने?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. पुढे त्यांची बदली झाली, नवे साहेब आले, त्यांनीही तेच विचारलं आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं. मागे फिरणारा माणूस हा मुळातच चुकलेला, त्याला बाण दाखवून काय उपयोग, असं बाणवाल्यांचं ठाम मत होतं. ते मत घेऊनच ते रिटायर झाले.

त्यानंतर वर्षभरात त्यांच्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. "गोळ्या माझ्या, पाय तुमचे," त्या म्हणाल्या. "रोज चालायचं. नाही चाललात तर पुन्हा इथेच याल, आणि तेव्हाही धड घरी पाठवीन असं मी सांगत नाही."

बायको त्या बागेकडे कधी फिरकली नव्हती. "झाडंच बघायची तर यांच्या शर्टावरून रोज झटकतेय की," म्हणायची. पण आता तीही हबकली. बाणवाल्यांची तर पाचावर धारण बसली. काचेपलीकडे तिला नळ्या लावलेल्या पाहिल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं: ही गेली तर मी काय करू? हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तिला तर नाहीच नाही. तिला ते फक्त "चपला घाल" एवढंच म्हणाले.

रोज उन्हं उतरली की रिक्षाने वरचं फाटक गाठायचं आणि पिवळी वाट धरायची, असं ठरलं. सावलीची वाट, चढ नाही. बाणवाले पुढे, ती मागे. "हा बाण काढताना मला गांधीलमाशी चावली होती," असं ते पुढूनच ओरडून सांगायचे. "बरं झालं," ती मागून म्हणायची. तिच्या गालांवर हळूहळू रंग दिसायला लागला. बाणवाल्यांना मनातून इतका आनंद झाला की ते आणखीच भराभर चालू लागले.

आणि एक दिवस ते खालच्या फाटकाशी पोचले, बाकावर टेकले, आणि ती काही येईना. पळणारे आले, कुत्रेवाले आले, बायको नाही. "अगं ए!" त्यांनी जोरात हाक मारली. दोन बायकांनी वळून पाहिलं. दोघीही दुसऱ्यांच्या.

तोंडचं पाणी पळालं तसे बाणवाले उठले आणि पिवळ्या वाटेवर उलटे शिरले. आयुष्यात पहिल्यांदा. चार पावलांतच त्यांना कळलं की ही वाट त्यांच्या ओळखीची नाही. प्रत्येक झाड पाठमोरं. पहिल्याच फाट्यावर ते उजवीकडे गेले आणि नदीच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतले. परत आले. दुसऱ्या फाट्यावर भलत्याच टेकाडावर निघाले. ज्या वाटेवर डोळे मिटून चालेन म्हणायचे, तिथे ते डोळे फाडून उभे होते. अंधारून येत होतं. रडू येत होतं, तेही आलं.

ती सापडली एका आडव्या पडलेल्या खोडावर. चपला काढून, छातीवर हात ठेवून बसलेली.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"धाप लागली म्हणून मागे फिरले. आता बरंय. बाण कुठायत तुमचे?"

"आहेत की. झाडाच्या त्या बाजूला."

"मी या बाजूला आहे," ती म्हणाली.

बाणवाले तिच्या पायाशी मटकन खाली बसले. "तुला काही झालं असतं तर मी मेलो असतो," ते म्हणाले. असलं वाक्य ते तिच्याशी उभ्या संसारात बोलले नव्हते. तिने त्यांच्या पँटचा चिखल पाहिला आणि चपला पायात सरकवल्या.

वरचं फाटक जवळ होतं, म्हणून मागेच जायचं ठरलं. प्रत्येक झाडाशी बाणवाले पुढे धावत, पलीकडून बाण आहे का बघत, आणि "ये, ये, हीच!" म्हणत तिला न्यायला परत येत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमधून रंग मागून आणला. आता पुढे ती चालत होती, खालच्या फाटकाकडून वर, अगदी सावकाश. जिथे ती अडेल तिथे बाणवाले साचा धरत. कुठे ती म्हणे, "इथे मी चुकले." कुठे म्हणे, "इथे घाबरले." त्या म्हणण्यावर बाणवाले मुकाट्याने रंग लावत.

एका जाड झाडाशी ती थांबली. वाट तिथे अगदी सरळ होती, फाटा नाही, वळण नाही.

"इथे कशाला?"

"इथून तुम्हाला हाक मारली होती मी."

बाणवाल्यांनी ब्रश डब्यात बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला. "ऐकली होती," ते शेवटी म्हणाले. "वाटलं, येतेच आहेस मागून."

"माहितीय. मागे न बघताच हात वर केलात तुम्ही. काढा आता."