आमची अंधार बचाव मोहीम

दुर्बीण तीन पायांवर उभी केली की तारा दिसायच्या आधी माणसं जमतात. माणसं जमली की प्रत्येकाचं एक मत असतं, आणि प्रत्येक मताचा पुढे एक किस्सा होतो. आता मैत्रिणी भेटल्या तर कुठला ग्रह दिसला हे कोणी विचारत नाही. "या वेळी काय झालं ते सांग," एवढंच म्हणतात!

तर सांगते. पण आधी मामला समजून घ्या.

टोकावड्याहून वैशाखऱ्याकडे जाताना एका लहान गावाच्या डोक्यावर माळ आहे. गावाचं नाव सांगत नाही; सांगितलं की तिथे आधी सेल्फी पॉइंट होतो. मुरबाडमधून आकाश बघावं तर कल्याणचा उजेड आडवा येतो, शहापुरातून बघावं तर हायवेचा. या माळावरून मात्र आकाशगंगा अजून नुसत्या डोळ्यांनी दिसते. आणि बातमी आली की विकास माळापर्यंत पोचतोय: हायमास्ट मंजूर! म्हणजे तो भला उंच खांब आणि वर झगझगीत दिव्यांचं कडं. तो लागला की तिथलं आकाश संपलं.

म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं. गावोगावी दुर्बीण न्यायची, लोकांना आकाश दाखवायचं. लोक हरखतील, आणि ग्रामसभा म्हणेल, "आम्हाला हायमास्ट नको!" तिघं म्हणजे मी, फिजिक्समध्ये एमएस्सी करून क्लासमध्ये नववीला भिंगं शिकवणारी. दुसरे भोईर सर, निवृत्त मुख्याध्यापक. दुर्बीण त्यांची, म्हणून अध्यक्ष तेच. आणि हरेश, माझा कॉलेजातला मित्र. टोकावड्याला त्याच्या वडिलांचा ढाबा आहे आणि त्याच्याकडे जीप आहे. थोडक्यात, काम करणारा तो एकटाच.

*

पहिला कार्यक्रम मुरबाडला. उद्घाटन नको म्हणून मी घसा कोरडा केला. भोईर सर म्हणाले, "सायली, उद्घाटनाशिवाय लोकांना कार्यक्रम सुरू झाला कधी तेही कळत नाही."

मग प्रमुख पाहुणे आले. नारळ फुटला, दुर्बिणीला हार पडला. नवीन ट्रॅक्टरला लावावं तसं पाहुण्यांनी हळद-कुंकवाचं बोट बरोबर पुढच्या काचेवर लावलं! मी किंचाळले. पाहुणे समजुतीने म्हणाले, "असू दे, ताई. शुभ असतं."

सर स्टेजमागे धोतराच्या मऊ तुकड्याने काच पुसत बसले आणि पाहुण्यांनी माइक हातात घेतला. विषय, चंद्र. चंद्र आणि विज्ञान, चंद्र आणि देश, चंद्र आणि मुरबाडचा तरुण. तिकडे पश्चिमेला चतुर्थीची खरी कोर झाडांना टेकली, मग झाडांमागे गेली.

चंद्र मावळला तेव्हा पाहुणे अजून चंद्रावरच होते!

*

मग शेणव्याजवळच्या एका शाळेत. त्या दिवसांत शनी छान दिसत होता, कडं अगदी स्पष्ट. शनी म्हटल्यावर निम्मी रांग चपला काढून उभी राहिली. एक आजी दुर्बिणीशी आल्या, डोळा न लावता लांबूनच हात जोडले आणि पुढे गेल्या. आजींचं मी समजू शकते. पण मागे उभे असलेले विज्ञानाचे शिक्षक रांगेतून हळूच बाहेर पडायला लागले.

"सर, कुठे? बघा ना."

"नको. साडेसाती चालू आहे. आपण होऊन कशाला त्याच्या नजरेस पडा?"

"अहो, विज्ञानाचे शिक्षक ना तुम्ही?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "मॅडम, शाळा सुटली."

*

शिक्षण असं गावोगाव भटकून होत नाही, नीट अभ्यासक्रम हवा, असं मला वाटायचं. तेव्हा मला बरंच काही वाटायचं. एका कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. आकाशदर्शनाचा छोटा कोर्स, शिकवणार मी, वर कॉलेजच्या सही-शिक्क्याची चार पत्रं हायमास्टविरुद्ध. प्राचार्यांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. फक्त एक बदल करू. खगोलशास्त्राऐवजी ज्योतिष ठेवू. ॲडमिशन तरी होतील!"

चहा चांगला होता.

*

हरेशची पद्धत वेगळी. तो म्हणाला, "शहरातली पब्लिक आणूया. बाहेरची लोकं अंधार बघायला येतात म्हटल्यावर गाव अंधार जपेल." मला पटलं. पुढे काय होणार हे माहीत असतं, तर मी त्याची जीपच लपवली असती.

ठाण्याहून दोन गाड्या आल्या. माळावर उतरल्या उतरल्या एकाने विचारलं, "शो किती वाजता सुरू होतो?" मी वर बोट दाखवलं. एका बाईंनी आधी गाडीचे हेडलाइट चालू ठेवायला सांगितले, म्हणजे अंधार नीट दिसेल!

मग त्यांच्यातल्या एका साहेबांनी आकाशगंगा पाहिली. आधी वर, मग मोबाइलवर, परत वर. चेहरा पडला. "फोटोत तर ती गुलाबी-जांभळी असते. ही अशी फिकट का?"

मी कॅमेऱ्याचं एक्सपोजर समजावायला तोंड उघडलं, तोवर हरेश पुढे झाला. "साहेब, हा गावठी माल हाय. आमी कलर नाय टाकत."

साहेब खूश! पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी तीन गाड्या पाठवल्या.

*

चंद्रग्रहण आलं. आदल्या दिवशी भोईर सरांनी ग्रहणाच्या अंधश्रद्धांवर असं भाषण ठोकलं की मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. "ग्रहणात खुशाल जेवा!" असं म्हणाले. प्रात्यक्षिक म्हणून ग्रहण लागल्यावर सगळ्यांसमोर जेवायचंही ठरलं.

ग्रहण लागलं. सरांनी ऐटीत डबा उघडला. भाजीवर तुळशीचं पान. भातावर तुळशीचं पान. पोळ्या उचलल्या तर प्रत्येक पोळीत एकेक!

"सर, हे काय?"

सर दुर्बिणीचे स्क्रू पिळत म्हणाले, "बायकोने ठेवलंय. मी फक्त काढलं नाही."

*

शेवटी मूळ गाव. सगळ्या गावाला माळावर बोलावलं. सरपंचताई स्वतः आल्या. मी त्यांना कृत्तिका दाखवल्या. नुसत्या डोळ्यांना चिमूटभर दिसणारा पुंजका, दुर्बिणीतून तांदूळ सांडल्यासारखा. ताई डोळा काढेनात. मागे रांग कुरकुरायला लागली. कोणीतरी ओरडलंच, "ओ ताई, तिथं पण पाच वर्षांची टर्म हाय काय?"

ताई हसत बाजूला झाल्या. मला वाटलं, जिंकलो! मी लगेच मुद्द्यावर आले. हायमास्ट नको, आकाश वाचवा.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमी अंधार बघायला येता. आमच्या पोरी शेवटच्या एसटीनं उतरून त्यातनं चालत येतात."

एवढ्या सगळ्या महिन्यांत कोणीतरी प्रथमच बिनतोड बोललं होतं. मी थोडी खाली आले. म्हटलं, मग वाटेवर बुटके दिवे लावू, खाली तोंड केलेले. पोरींना वाट दिसेल, आम्हाला तारे दिसतील.

ताईंना पटलं. त्यांनी खरंच चौकशी केली. दोन दिवसांनी फोन आला. "मॅडम, खाली तोंडाचे दिवे योजनेत बसत नाय. योजनेत हायमास्टच हाय."

तरी ग्रामसभा बाकी होती. मी आणि हरेश मागच्या सतरंजीवर बसलो. ग्रामसेवकांनी ठराव वाचला: 'माळावर तारे पाहण्यासाठी बाहेरगावाहून पाहुणे येत असून अंधारामुळे त्यांची गैरसोय होत आहे. सबब हायमास्ट तातडीने बसवण्यात यावा.' ठराव एकमताने मंजूर! टाळ्या! काही जणांनी वळून आमच्याकडे कौतुकाने बघितलं.

हरेश माझ्या कानाशी म्हणाला, "सायली, दोन वर्षं रखडलेलं काम गो. आपल्यामुळं अर्जंट झालं!"

*

आणि हायमास्टचं उद्घाटन. बटण दाबायला प्रमुख पाहुण्या म्हणून कोणाला बोलावलं असेल? मला! "तारेवाल्या मॅडमशिवाय कसं?" असं ताई म्हणाल्या. मी जाणार नव्हते. सर म्हणाले, "जा. निदान शेवटचं बघून घे."

गेले. दिवस मावळून अंधार पडला होता. खांबाला झेंडूची माळ, खाली स्टेजपुरता मांडव, मांडवात ट्यूबलाइटी, स्पीकरवर गाणी, अख्खं गाव. माझ्या हातात नारळ, खांद्यावर शाल. एसटीतून आलेल्या मुली पुढे बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून मला धड रागावताही येईना. ताईंनी माइकवरून सांगितलं, "आता मॅडम आपल्या माळाचा अंधार घालवतील!"

मी डोळे मिटून बटण दाबलं.

धाड्कन आवाज झाला. डोळे उघडले तरी मिटल्यासारखाच अंधार. हायमास्ट नाही, ट्यूबलाइटी नाहीत, गाणी नाहीत, खालच्या गावातली एकूण एक खिडकी काळी. गावाला वीज देणारी डीपीच उडाली होती.

पुढच्या ओळीतली एक मुलगी मान वर करून म्हणाली, "अगं बाय!" तिच्या शेजारचीने वर बघितलं, मग तिच्या आईने. माळभर माना मागे गेल्या. मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हायमास्ट लावल्यावर काय क्लिअर दिसतंय रे!"

कोणीतरी हसलं, पण हळूच.

अंधारात ताईंचा मोबाइल वाजला. पलीकडे वायरमन होता, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. वैशाखऱ्यालाच आहे, गाडीला किक मारतो, आत्ता पोचतो.

ताईंनी वर केलेली मान खाली घेतली नाही. म्हणाल्या, "घाई नको करू रे. इथं कार्यक्रम चालू हाय."