वर्ग टिपणं घेत होता

माझ्या धाकट्या नणंदेला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा समोर बसलेला अख्खा वर्ग वहीत टिपणं घेत होता.

वन्सं नर्सिंगच्या मुलींना शिकवत. पेशंटशी कसं बोलायचं, आणि तो बोलत नसेल तेव्हा काय बघायचं, हा त्यांचा विषय. पुस्तक क्वचितच उघडत. स्वतःच पेशंट होत. कधी दम लागलेला म्हातारा, कधी कळा लपवणारी सून. मुलींनी ओळखायचं. सोंग इतकं हुबेहूब, की एकदा शिपाई खुर्ची घेऊन धावत आला होता. त्यांनी लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर घरात आम्ही दोघीच, आणि त्यांच्यापुढे माझं काही लपायचं नाही. "वहिनी, तोंडाने भूक नाही म्हणताय, पण डोळे डब्यावर आहेत!"

त्या दिवशी पेशंट मी होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेली म्हातारी. खरीखुरी पट्टी बांधून मला वर्गातल्या खाटेवर निजवलं.

"आजींना तुमचं हसू दिसणार नाही, की मान डोलावलेली दिसणार नाही," वन्सं म्हणाल्या. "जे सांगायचं ते आवाजातून. नकलाकार, ये पुढे. बाहेर फार तोंड चालतं ना तुझं?"

वर्ग खिदळला. ही पोरगी आदल्याच दिवशी व्हरांड्यात वन्संची नक्कल करताना सापडली होती. "चष्मा पुसायची लकबसुद्धा सोडली नाही मेलीने," म्हणून वन्सं घरी रात्रीपर्यंत धुमसत होत्या.

तिने माझा हात हातात घेतला. "आजी, मी तुमच्या उजवीकडे उभी आहे. आता उशी जरा वर सरकवते हं."

"आधी सांगितलंस, हे बरं केलंस," वन्सं म्हणाल्या. "आता त्यांना... त्यांना उशी... प्यायला दे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मलाही वाटलं, नवं सोंग.

"उशी," त्या पुन्हा म्हणाल्या. जीभ जड झाली होती. खडू पडल्याचा आवाज आला.

"लिही गं," मागे कुजबुज झाली. "शब्द चुकतात. तोंडाचा उजवा कोपरा खाली."

"उजवा हात लोंबतोय. तेही घे."

पेनं खरखरत राहिली. सोंग संपलं की वन्सं टाळी वाजवत. टाळी वाजेना. नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा.

"वन्सं?" मी म्हटलं.

"आजी, तुम्ही पेशंट आहात, गप्प पडा!" कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला.

माझ्या हातातला पोरीचा हात एकदम आवळला गेला.

"ए, पेनं खाली ठेवा. हे सोंग नाहीये."

"तुला काय माहीत गं, दीडशहाणे?"

"मला नाही तर कुणाला? सोंग घेताना मॅडमचा एक डोळा आपल्यावर असतो. कोण लिहितंय, कोण पेंगतंय. आत्ता त्या कुणाकडेच बघत नाहीयेत!"

मी पट्टी ओरबाडून काढली. वन्सं टेबलावरून घसरत खाली चालल्या होत्या. पोरीने झेप घेऊन त्यांना धरलं, कुशीवर निजवलं आणि ओरडली, "स्ट्रेचर आणा! आणि पहिला शब्द कधी चुकला ती वेळ सांगा कुणीतरी, डॉक्टर आधी तेच विचारणार!"

अँब्युलन्समध्ये वन्संच्या तोंडून नुसती घरघर निघत होती. डोळे भेदरलेले. "मॅडम, बोलू नका," पोरगी कानाशी वाकली. "माझं कळतंय ना? कळत असेल तर हात दाबा." डाव्या हाताची बोटं हळूच मिटली.

"वेळेत आणलंत, धोका टळला," डॉक्टर म्हणाले. "पण बोलतील का, ते आत्ताच सांगता येणार नाही."

जन्मभर बोलून पोट भरलेली बाई ती. दिवसांमागून दिवस गेले, शब्द फुटेना. काही विचारलं, की त्या भिंतीकडे तोंड करत. तासनतास बोलणाऱ्या बाईला पाणी मागता येईना. पोरगी ड्यूटी संपली की यायची, आणि मी बाहेर जाऊन डोळे पुसून यायचे.

एका दुपारी ती दमून आली आणि विसरून खाटेच्या कडेवरच टेकली. वन्संच्या कपाळावर आठी उमटली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"खाटे... खाटेवर... नर्सने... बसायचं... नाही."

पोरगी ताडकन उठली. वन्संनाच आपला आवाज ओळखू येईना. त्या आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या.

"सॉरी, मॅडम," पोरगी रडत म्हणाली. "पुन्हा बसते हं. पुन्हा रागवा."