पहिली पसंती, नळकाम

"पैज कशावर लागलीय ते आधी सांग," पाना म्हणाला. "गेल्या वर्षी आइस्क्रीमवर होती. यंदा भाव वाढला असेल."

"पैज नाही, सर," पोरगी म्हणाली. "मला नळकामच घ्यायचंय."

"सगळे असंच म्हणतात."

अर्ज त्याने घेतला, पण दोन बोटांच्या चिमटीत, मेलेलं पाखरू उचलावं तसा.

पाना म्हणजे शाळेत नळकाम शिकवणारा मास्तर. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते पगाराच्या दिवशी तेवढं कामाला यायचं. एरवी पहिलीच्या पोरापासून शिपायापर्यंत सगळे त्याला पानाच म्हणायचे. पोरं मागून, बाकीचे तोंडावर. अकराव्या वर्षी तो मामाच्या हाताखाली लागला होता. मामाला तोंडाने शिकवायची सवय नव्हती. पाइपाचा आटा चुकला की तोच पाइप पोटरीवर बसायचा. पुढे वीस वर्षं पाना परक्यांच्या इमारतींत पाइप चढवत राहिला, आणि एके दिवशी शिडी सरकून गुडघा कामातून गेला. शाळेत नववीला ऐच्छिक विषय सुरू झाले ते त्याच सुमाराला. नळकाम शिकवायला शिकलेलं माणूस कुठून मिळणार? पाना मिळाला. जन्मात पहिल्यांदा कामावर बसायला खुर्ची आली. बायकोने शेजारणींना सांगून टाकलं, आमचे हे आता शिकवतात.

शिकवत होता, पण कुणाला? नववीच्या पोरांना एक अर्ज मिळायचा, त्यात तीन चौकोन. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. सगळे संगणक नाहीतर चित्रकला लिहायचे. जागा गुणांवर भरायच्या. तिथून गळले ते हिशेबलेखनात, तिथूनही गळले ते शिवणात, आणि शिवणाच्या बाईंनीही नाक मुरडलं की उरलासुरला गाळ पानाच्या खोलीत. यंदा असे अकरा होते. त्यातल्या दोघांना अजून नळाची चावी बंद करायला डावीकडे फिरवायची की उजवीकडे हे उमगलेलं नव्हतं.

अकरा असोत की एकवीस, वरच्या कार्यालयाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नियम असा की यादी जाईल त्या दिवशी विषयाला निदान एक तरी पहिली पसंती हवी. सलग तीन वर्षं नसेल तर विषय बंद. हे तिसरं वर्ष होतं, आणि यादी शुक्रवारी दुपारी बारा वाजता जायची होती. मोठ्या बाईंनी त्याला बोलावून सरळ सांगितलं होतं: विषय गेला तरी तुम्हाला काढणार नाही, दुरुस्तीला ठेवू. म्हणजे खुर्ची जाणार, हत्यारांची पिशवी राहणार.

आणि या पैजा. दोन वर्षांमागे एका पोराने पहिल्या चौकोनात नळकाम लिहिलं. पानाने तो अर्ज घरी नेऊन बायकोला दाखवला, पोरासाठी नवा एप्रन शिवून घेतला. तिसऱ्या दिवशी पोरगं पाच मित्र घेऊन आलं, हसता हसता अर्ज परत मागून घेतला आणि दारातच मित्रांकडून बॅट वसूल केली. गेल्या वर्षीच्या पोरीने तर जिंकलेलं आइस्क्रीम पानाच्या खिडकीसमोर उभं राहून खाल्लं.

म्हणून आता ही समोर उभी राहिली तेव्हा त्याचं टाळकं तापलं. गणितात शहाण्णव गुण. असली पोरगी नळकामाला येते? ती सांगत होती की घरी तिसऱ्या मजल्यावर पाणी नीट चढत नाही, नळवाला बोलावून येत नाही, म्हणून तिनेच पक्कड घेऊन तोटी उघडली आणि आतला कचरा काढला. पानाला वाटलं, पाठ करून आलीय.

"उद्या मधल्या सुट्टीत मागच्या मोरीपाशी ये," त्याने सांगितलं. "हात चालतो का बघू."

मग तो नववीच्या एकेका वर्गात स्वतः गेला आणि म्हणाला, उद्या या बघायला, गंमत आहे. दोन वर्षं पोरं त्याला हसली होती. आता हिला हसू देत, म्हणजे फजिती काय असते ते हिलाही कळेल.

जेवणघरामागची मोरी दोन दिवस तुंबली होती. पानाने मुद्दाम हात लावला नव्हता. गुरुवारी पायऱ्यांवर चाळीसेक पोरं जमली. पानाचे रबरी हातमोजे त्याच्याच पट्ट्याला लटकत होते, ते त्याने तिथेच राहू दिले.

पोरीने बाह्या वर केल्या, जाळी उचलली आणि विचारलं, "सर, खालचा पाइप कुठल्या बाजूला वळतो?"

सहा वर्षांत एकाही पोराने त्याला हे विचारलं नव्हतं. मामा असता तर या प्रश्नावर खूश झाला असता. पाना म्हणाला, "हात घाल, कळेल."

तिने कोपरापर्यंत हात घातला. भिजलेल्या पावाचे गोळे निघाले, केसांचा गुंता निघाला, कुणाचा तरी मोजा निघाला. वास असा की पुढची पोरं दोन पायऱ्या मागे सरली. तिचं तोंड पांढरं पडलं, पण हात थांबला नाही.

"काय मोरीबाई, दमलात?" पाना म्हणाला.

चाळीस पोरं खदखदून हसली. ही पोरं त्याच्या बोलण्यावर हसली, त्याच्यावर नव्हे, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याला बरं वाटलं. म्हणून तो आणखी दोनदा मोरीबाई म्हणाला.

गडगड करत पाणी खाली गेलं. पोरीने नळावर साबणाने तीनदा हात धुतले. पाना म्हणाला, जिंकलीस बाई, ने आता अर्ज. ती नको म्हणाली आणि वर्गात निघून गेली. जिन्यात पोरं तिला वाट करून देत होती, नाक धरून.

रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "आणि खरंच घ्यायचं असेल तिला, तर?"

शुक्रवारी तो शाळा भरायच्या आत कार्यालयात गेला. कारकून म्हणाला, आत्ताच येऊन बदलून गेली, हिशेबलेखन केलं.

पाना लंगडत पळाला आणि तिला व्हरांड्यात गाठलं. तिच्या दप्तरावर कुणीतरी खडूने मोरीचं चित्र काढलं होतं, ते ती ओल्या रुमालाने पुसत होती.

"पैज होती ना? खरं सांग."

"नव्हती, सर. तुम्ही सगळ्यांना बोलावलंत तेव्हा लागली. मी किती दिवस टिकते यावर."

"घाणीचं एवढं काय मनावर घ्यायचं?"

"घाणीचं काही नाही वाटलं मला."

मग पाना आवाज खाली आणून तिला समजावू लागला. आजच्या दिवसापुरता अर्ज पुन्हा भर. बारा वाजता यादी गेली की उद्या खुशाल काढून घे, मी हूं की चूं करणार नाही. तिने नकाराची मान हलवली. त्याने पुन्हा विनवलं, मामाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. ती पुसत राहिली.

"मोरीबाईची एवढी गरज का पडली, सर?" तिने विचारलं, आणि दप्तर खांद्याला लावलं.

पानाचं डोकं फिरलं. तो मोठ्यांदा म्हणाला की मला ठाऊकच होतं, सगळी एकाच माळेची, ढोंगी कारटी. व्हरांड्यातली पोरं थांबून बघत होती. यावेळी कोणी हसलं नाही.

बारा वाजता यादी गेली. अकरा पोरांना जिथे बाक रिकामे होते तिथे वाटून टाकलं. मोठ्या बाई म्हणाल्या, तुमची खोली आता संगणकाच्या दुसऱ्या तुकडीला लागेल, संध्याकाळपर्यंत सामान काढा. कारकुनाने चिठ्ठी हातात दिली: दुसरा मजला, मुलींच्या बाजूची तिसरी तोटी गळते.

पाना कठड्याला धरून एकेक पायरी वर गेला. गच्चीकडची चावी बंद केली, तोंडात टेप धरली, पिशवीतला पाना काढला आणि तोटीच्या नटाला लावला. नट गंजला होता. त्याने अंगाचा भार दिला.