फिकट रेषेची फिर्याद

नोकरीत कितीतरी गुन्हे तपासले, त्यातले बरेचसे आता पुसट झाले. हा एक मात्र कालच घडल्यासारखा समोर उभा राहतो.

निवृत्ती जवळ आली होती. बीड-चौसाळा पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. डेंग्यूची साथ जोरात होती, निम्मे शिपाई तापाने घरी. सकाळची हजेरी चालू असताना आरोग्य केंद्राच्या डॉक्टर बाई आल्या. मूळच्या परळीच्या, तरुण, बोलणं मोजकं.

त्यांच्या मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं एक अ‍ॅप होतं. डेंग्यूच्या झटपट तपासणीच्या रॅपिड किटवर रक्ताचा थेंब टाकायचा आणि पट्टीचा फोटो काढायचा. नजरेतून सुटणारी पुसट रेषाही ते पकडायचं. पट्टीवर एक रेषा आजाराची, दुसरी रेषा पट्टी नीट काम करत असल्याची. एका व्यापाऱ्याकडून आलेल्या किटांवर ही दुसरी रेषाच फिकट उमटत होती. डोळ्यांना फरक कळत नव्हता, अ‍ॅप मात्र दरवेळी शंका दाखवत होतं.

“साहेब, खोक्यावर मुदत शिल्लक आहे, पण आतला माल मेलेला आहे,” बाई म्हणाल्या. “डेंग्यू नाही म्हणून मी ज्यांना घरी पाठवलं, त्यांच्यातल्या काहींना तो असणार.”

गुन्हा नंतर, आधी माणसं, असं मी ठरवलं. ठाण्याची गाडी बाईंना दिली. त्यांनी दुसरीकडून किटं मागवून घरोघरी पुन्हा तपासणी केली. एका फळविक्रेत्याची बायको गरोदर होती. आधी ‘काही नाही’ म्हणून सांगितलेलं, म्हणून घरीच पडून होती. नव्या किटवर डेंग्यू निघाला, प्लेटलेट फार खाली आलेल्या. आमच्याच गाडीने तिला बीडला हलवलं.

मग औषध निरीक्षकांना बोलावून उरलेली खोकी पंचांसमक्ष सील केली आणि गुन्हा नोंदवला. व्यापारी माजलगावचा. चौकशीला आला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, वकिलाशी बोलून. मोबाइलच्या सांगण्यावरून इज्जतदार माणसाला आरोपी करता का, असं त्यानेच मला विचारलं. मी वाद घातला नाही. तयारीने आलेल्या माणसाला भरपूर बोलू द्यावं. त्याने ज्याची तयारी केलेली नसते, ते आपण विचारावं.

माझे एक हवालदार तोवर त्याच्या गल्लीत चहा पिऊन परतले होते. त्यांनी आणलेली माहिती एवढीशीच होती: मुलीला ताप आला तेव्हा व्यापारी तिला तपासायला बीडला घेऊन गेला होता.

मी घरच्यांची चौकशी केली. मुलीला ताप होता, आता बरी आहे, असं तो सहज बोलून गेला.

“तिची तपासणी कुठं केली?”

“बीडला.” घरात किटांचा ढीग असताना मुलीला त्याने थेट बीडच्या प्रयोगशाळेत नेलं होतं.

“आपल्या मालावर का नाही केली?”

त्याने पाणी मागितलं. प्यायला नाही, नुसता पेला धरून बसला. मग खाली बघत म्हणाला, “ती माझी पोरगी हाय, साहेब.”

आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

त्याच दुपारी त्याने गोदाम दाखवलं. मुदत संपलेली किटं भंगाराच्या भावात आणायची, नव्या खोक्यांत भरायची, नवी तारीख छापायची. इतर तालुक्यांत जायला निघालेली खोकी टेम्पोतच सापडली. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला, तो अ‍ॅपच्या शंकेशी तंतोतंत जुळला. पुढे काही वर्षांनी कोर्टात शिक्षाही लागली.

त्याच्या खूप आधी, गोदाम सापडल्यावर काही आठवड्यांनीच, तो फळविक्रेता सीताफळांची पाटी घेऊन ठाण्यात आला. “सायेब, पोरगी झाली. दोघी बी लई चांगल्या हायत.” ठाण्यात कोणाकडून काही घ्यायचं नाही हा माझा कडक नियम. त्या दिवशी मी तो मोडला, आणि लॉकअपमधल्यांनाही फळं वाटली.

ज्यांचं नुकसान होत होतं, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. तक्रार करणार कोण? ‘काही नाही’ हे उत्तरही तपासून घ्यावं लागतं, हे मी तिथे शिकलो. यंत्रावर भरवसा ठेवावा का, असं लोक आता मला विचारतात. मी म्हणतो, डॉक्टर बाईंनी ठेवला तसा ठेवा: त्याने शंका दाखवली, की आपण उठून दार ठोठावायचं.