भाऊजींच्या चाळण्या

आमच्या नणंदेच्या यजमानांइतका चाळणीला भ्यालेला माणूस अख्ख्या लोणारात सापडायचा नाही. साप दिसला तर भाऊजी बाजूला होऊन त्याला वाट देत, पण ओट्यावर एखादी बाई पीठ चाळताना दिसली की जागीच थबकत. शाळेतली कारकुनी संपवून घरी बसलेले, काम एकच. "चाळणी द्या बरं घटकाभर," म्हणून न्यायची आणि परत म्हणून द्यायची नाही. कुणी कुरकुरलंच तर, "आतड्याले झाडू लागते, बाई. तो कोंड्याचा झाडूच तुम्ही उकिरड्यावर फेकून राह्यल्या." चाळलेल्या पिठाच्या पांढऱ्या पोळ्यांवर जगलेला त्यांचा थोरला भाऊ, त्यांचा दादा, आतड्याच्या कॅन्सरनं गेला, तेव्हापासूनचं हे वेड. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला विचारायचे, "सकाळी पोट साफ झालं का?" बिचाऱ्याचा घास तोंडातच राहायचा.

गल्लीतल्या सगळ्या चाळण्या त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या, उघड्या तोंडांसारख्या. सरोवराकडून वारा सुटला की त्यांच्यातून पुटपुटल्यासारखा आवाज यायचा. खिडकी लावली तरी थांबायचा नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नणंद त्या खोलीत पाय ठेवत नसे. भाऊजी मात्र खुर्ची टाकून, मान हलवत बसायचे.

"काय आयकून राह्यले, भाऊजी?" मी एकदा विचारलं.

"दादा घराघराचं सांगून राह्यला."

मी हसले. पण त्याच दिवसांत मला शौचातून रक्त जात होतं, आणि ते मी देवालाही सांगितलं नव्हतं. मूळव्याध असेल म्हणून मुठीमुठीनं कोंडा, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर खात गप्प बसले होते. एका सकाळी भाऊजी दारात उभे, हातात माझीच चाळणी. त्यांनी चाळणी परत केलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

"घ्या, वहिनी. दादा म्हणते, या घरी आता कोंड्याचं काम नाही, डॉक्टरचं आहे. रक्त जाऊन राह्यलं न?"

मी चाळणी घेतली. "तुमाले कोनं सांगतलं?"

"ते राहू द्या. दादाबी असाच लपवत होता. बस धरा."

मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, तर आतड्यात गाठ. तिथल्या तिथे काढली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, कोंड्यानं धोका कमी होतो, पण झालेली गाठ विरघळत नाही. ही राहिली असती तर पुढे कॅन्सर होऊ शकला असता."

भाऊजी गेल्या वर्षी झोपेतच गेले. नणंदेनं चाळण्या घरोघरी वाटून टाकल्या. माझी स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. मी तिच्यातून पीठ चाळत नाही. वारा आला की पुटपुटते. आधी तिच्यात एकच आवाज होता, आता दोन वाटतात. त्यातला एक रोज सकाळी मला काय विचारतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरात कुणी नाहीसं पाहून मीही हळूच सांगते, "हो भाऊजी, झालं. काही लपवलं नाही."