तळ्यातल्या सात बाटल्या

टेलरकाकांना पोहता येत नव्हतं, आणि तळं साफ करणाऱ्या मंडळींचे पुढारी तेच होते. चाळीस वर्षं ताडपत्र्या आणि दप्तरं शिवलेला हा माणूस शिस्तीचा इतका, की दुकानातली कात्री कुणी दुसऱ्या खिळ्याला अडकवली तर दिवसभर धुसफुसत राही. बायको मात्र पाण्यातली. रोज संध्याकाळी तळ्यावर मुलींना पोहायला शिकवायची आणि ओल्या केसांनी दुकानात शिरायची. "कापडावर पाणी सांडू नकोस," एवढंच काका म्हणत. तीन वर्षांपूर्वी ती आजारात गेली. नंतरच्या एका रविवारी काका पोतं घेऊन तळ्यावर गेले आणि एकटेच काठावरचा कचरा वेचू लागले. तिच्यासाठी दुसरं काय करावं, हे त्यांना सुचलं नव्हतं. हळूहळू माणसं जमत गेली.

काकांचा एक नियम होता. पाण्यातून निघालेली वस्तू थेट पोत्यात जायची नाही. आधी पायऱ्यांवर मांडायची, सगळ्यांनी बघायची, मगच टाकायची. त्यामुळे एका पोस्टमनला त्याची कवळी परत मिळाली होती. तो ती तिथल्या तिथे बसवायला निघाला होता, बायकोने अडवलं म्हणून बरं.

त्या रविवारी मंडळींना पहिल्यांदाच एक होडी उसनी मिळाली. तळ्याच्या मध्याकडे सात मळकट, शेवाळलेल्या बाटल्या तरंगत असायच्या, आणि काठावरून त्या बघून काकांचा जीव खालीवर व्हायचा. होडीची भीती वाटत होती तरी ते बसले. सोबत दुकानातली मोठी कात्री घेतली. प्रत्येक बाटलीला खालून दोरा होता. काकांनी सातही दोरे कचाकच कापले आणि लढाई मारल्याच्या थाटात परतले.

पायऱ्यांवर बाटल्या मांडताना एका दोऱ्याचं टोक त्यांच्या बोटांत आलं. शेवाळ निपटलं तर खाली तपकिरी, दुपदरी, मेण लावलेला दोरा. तो बाजारात मिळत नाही. काका स्वतः मेण वितळवून तो दुकानात तयार करत. त्याची रिळं अधूनमधून गायब व्हायची, आणि त्यावरून त्यांनी आपल्या कारागिराला वर्षानुवर्षं बोल लावले होते. गाठही ओळखीची होती, तीन वेढ्यांची. बायको डब्याच्या पिशवीला हीच गाठ मारायची.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. लहानपणी त्या काकूंकडेच पोहायला शिकल्या होत्या, आता स्वतः मुलांना शिकवत. पायरीवरच्या बाटल्या बघून त्या तशाच काकांकडे वळल्या.

"काका, या कुणी काढल्या?"

"मीच. का?"

"तिथे पाण्याखाली जुनी खाण आहे. पायाखालची जमीन एकदम संपते. काकूंनी तिच्या अलीकडे दगडांना बाटल्या बांधून सोडल्या होत्या. बाटल्यांच्या पुढे जायचं नाही, एवढंच आम्ही मुलांना शिकवतो."

"मला कधी बोलली नाही ती."

"दोरा तुमचा होता ना. तुम्ही ओरडाल म्हणून."

चार वाजता रविवारची गर्दी येणार, मुलं पाण्यात उतरणार. कुणीतरी म्हणालं, पाटी लावू. "उड्या मारणारी पोरं पाटी वाचतात होय?" नर्सबाई म्हणाल्या.

काका उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी. जन्मभर लोकांना सांगत आलो, आधी माप, मग कात्री. आज मीच विसरलो."

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, साठ इंचांची, आणि तिच्या टोकाला दुकानाची जड किल्ली बांधली. नर्सबाई पोहत पुढे जायच्या, टेप पाण्यात सोडायच्या. किल्ली तळाला टेकली की आणखी हातभर पुढे. एका जागी टेप संपली तरी किल्ली टेकेना. तिथून चार हात मागे येऊन काकांनी होडीतून पहिल्या बाटलीचा दगड सोडला.

नवं रीळ घेऊन कारागीर सुट्टीच्या दिवशीही धावत आला होता. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्यावर उगाच आळ घेतला रे. रिळं ती न्यायची."

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काकूंनी सांगितलं होतं, गप्प बस. आणि बोलणी खाल्ली की दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी जास्तीचं असायचं."

काका हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. साडेतीनला सातवी बाटली बांधून झाली, तीन वेढ्यांच्या गाठीने.

चार वाजता तळं भरलं. काका खालच्या पायरीवर बसून होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी हात मारत थेट बाटलीपर्यंत गेली. काका पुढे वाकले. तिने बाटलीला हात लावला आणि वळली. मग बाहेर येऊन ती त्यांच्या शेजारीच धपकन बसली. तिच्या केसांतलं पाणी काकांच्या कोऱ्या पँटवर ठिबकू लागलं.

"सॉरी आजोबा," ती बाजूला सरकत म्हणाली.

"सांडू दे," काका म्हणाले. "बस इथेच."