फळ्यावरची वजाबाकी

“मावशी, तुमचं काम फळा पुसायचं. वाचायचं नाही.”

सर हे साठ मुलांसमोर म्हणाले. त्यातली निदान चाळीस हसली. मी डस्टर घेऊन उभी.

लवळ्याच्या टेकडीवरच्या कॉलेजात मी लॅब अटेंडंट आहे. वय सत्तेचाळीस, नोकरी अकरा वर्षं. प्रोजेक्टर अडला तर लावायला मागच्या बाकावर बसायचं, तास संपला की फळा पुसायचा. प्रोग्रॅमची ओळ कंप्युटर कोणत्या नियमांनी वाचतो, हा विषय मुलं एकदा ऐकतात. मी सहा वर्षं ऐकलाय. वही घेऊन.

त्या दिवशी सरांनी वजाबाकीचा नियम लिहिला. वजाबाकी म्हणजे एक तर नुसती संख्या; नाहीतर संख्या, वजाचं चिन्ह आणि पुढे पुन्हा वजाबाकी. उदाहरण दिलं, नऊ वजा चार वजा दोन. मी वहीत त्याचं झाड काढलं, म्हणजे काय आधी जुळतं ते दाखवणारी फांद्यांची आकृती. नियमाप्रमाणे चार वजा दोन आधी जुळतं. मग नऊमधून ते दोन गेले. उत्तर सात. खरं उत्तर तीन. मी तीनदा ताडून पाहिलं.

तास संपल्यावर फळ्यापाशी जाऊन म्हटलं, “सर, ह्या नियमानं सात येतंय. तीन यायला पायजे.”

तेव्हा ते वाक्य आलं. मागून एक मुलगा म्हणाला, “मावशी, तीन चहाचे सात करता येतील का?”

मी फळा पुसला. माझ्या बाजूचा पुरावा माझ्याच हातानं पुसला. घरी गेल्यावरही बोटांना खडू होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी नियम उलटा लिहिला. आधी वजाबाकी, मग चिन्ह, शेवटी संख्या. आता नऊ वजा चार आधी जुळतं, उत्तर तीन.

“काल मी मुद्दाम चूक ठेवली होती,” ते म्हणाले. “साठ जणांत एकाच्याही लक्षात आली नाही.”

हिशेब बरोबर होता. त्या साठांत मी नव्हतेच. मी कशातच धरलेली नव्हते.

मी उठले. “सर, मी सांगितलं हुतं. काल, बारा वाजून दहा मिनिटांनी. हितंच.”

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं. “तास संपलाय. फळा पुसा.”

“न्हाई.”

मी खडू उचलला. आजच्या नियमाशेजारी कालचा लिहिला. त्याखाली सात. त्याखाली कालची तारीख, वेळ आणि माझं पूर्ण नाव. अकरा वर्षांत त्या फळ्यावर माझं अक्षर पहिल्यांदा उमटलं. डस्टर टेबलावर ठेवून मी बाहेर पडले.

मेमो आलाय. कामात कसूर, असं लिहिलंय. उत्तराला आठ दिवस आहेत. माझं उत्तर तयार आहे. दोन्ही झाडं काढून जोडलीत. माफी मागितलेली नाही.

फळा मी पुसेन, ते माझं काम आहे. पण आधी वाचेन. चूक दिसली तर तास चालू असतानाच उठेन, सगळ्यांसमोर सांगेन. आणि दुरुस्त होईपर्यंत डस्टरला हात लावणार नाही.